ऐरण पक्की बसवायची आणि तिचा खणखणाट घालवायचा

विकत घेताना ऐरण खणखणीत वाजली पाहिजे आणि बसवून झाल्यावर ती मुकी झाली पाहिजे. नव्याने लोहारकाम शिकणाऱ्यांची बहुतेक वेळा उलटी गत होते. कमी वाजते म्हणून ओतीव लोखंडाची ऐरण घेतात आणि सहा महिन्यांत तिच्या कडा तुटायला लागतात. किंवा चांगली पोलादी ऐरण आणतात, लोखंडी टेबलावर नुसती ठेवून देतात आणि आठवड्याभरात शेजारच्या गाळ्यातून निरोप येतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत जागा चिंचोळ्या, गाळे एकमेकांना चिकटलेले, भिंतीपलीकडे कुणीतरी असतंच. इथे ऐरण नीट बसवणं हा कामाचाच भाग आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ऐरणीवर घाव बसला की दोन वेगळे आवाज तयार होतात. एक टणत्कार. हा ऐरणीच्या अंगातून निघतो, हवेतून जातो आणि कानात घुसतो. दुसरा धक्का. हा स्टँडमधून जमिनीत उतरतो, स्लॅबमधून पसरतो आणि खालच्या किंवा शेजारच्या गाळ्यात धपधप होऊन निघतो. दोघांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. टणत्कार घालवायचा तर ऐरण आणि स्टँड एकजीव झाले पाहिजेत, मध्ये कागदाचीही फट नको. धक्का अडवायचा तर स्टँड आणि जमीन यांच्यात लवचीक थर हवा. रबर कुठे घालायचं, याची लोक गल्लत करतात ती इथेच. ऐरणीखाली जाड मऊ रबर घालतात, मग ऐरण नाचते, घाव पोकळ बसतो आणि खालच्या माणसाची तक्रार तशीच राहते.

ऐरण का वाजते

शाळेत रुळाचा तुकडा टांगून त्याची घंटा केलेली तुम्ही पाहिली असेल. तोच तुकडा वाळूत टाकून ठोका, नुसतं ‘ठक’ होईल. धातू तोच, हातोडा तोच. फरक एवढाच की टांगलेल्या तुकड्याला थरथरायला मोकळीक आहे आणि वाळूतल्याला नाही. शिंगाच्या ऐरणीची कंबर बारीक आणि दोन्ही टोकं हवेत: एकीकडे शिंग म्हणजे निमुळतं गोल टोक, दुसरीकडे शेपूट म्हणजे चपटं टोक. घाव कुठेही घातला तरी थरथर सगळ्यांत जास्त या दोन टोकांना होते.

स्वतः करून पाहा. अर्ध्या किलोच्या हातोडीने शेपटीच्या टोकावर हलका टोला द्या आणि आवाज घुमू द्या. पुन्हा टोला द्या आणि लगेच दुसऱ्या हाताचा पंजा शेपटीच्या बाजूला घट्ट दाबा. आवाज तिथल्या तिथे मरतो. आता पंजा कंबरेवर ठेवून तेच करा. फारसा फरक पडत नाही. आवाज मारणारं चुंबक पुढे कुठे लावायचं याचं उत्तर तुमच्या हातालाच मिळालं. टोला मात्र हलकाच द्यायचा. कडक हातोडा कडक माथ्यावर जोरात आपटला तर टवका उडतो आणि तो डोळ्यात जाऊ शकतो. मोठा हातोडा तापलेल्या लोखंडासाठी आहे, उघड्या ऐरणीसाठी नाही.

ओतीव लोखंडाची ऐरण कमी वाजते, कारण त्यात ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्या असतात आणि त्या कंपन आतल्या आत जिरवतात. त्याच पापुद्र्यांमुळे ते ठिसूळही असतं. म्हणून घेताना आवाज ऐका. छोटी बॉल बेअरिंगची गोळी हातभर उंचीवरून माथ्यावर सोडा. चांगल्या पोलादी ऐरणीवरून ती पाऊण उंचीच्या वर उसळते, मऊ माथ्यावरून जेमतेम निम्मी. माथ्यावर चार-पाच ठिकाणी सोडून पाहा. एकाच जागी उसळी मेली आणि आवाज फाटका आला तर तिथे चीर असेल किंवा वरचं पोलादी पान सुटलं असेल. वजनाचं म्हणाल तर हातोड्याच्या पन्नासपट ऐरण हा हिशोब बरा पडतो. एक किलोचा हातोडा असेल तर पन्नास किलोची ऐरण.

ऐरण परवडत नसेल तर कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा मुंबईच्या दारूखाना या लोखंड-भंगाराच्या बाजारात ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा जाड ठोकळा वजनावर मिळतो, आणि तो शिंगाच्या ऐरणीपेक्षा कितीतरी कमी वाजतो, कारण त्याला हवेत लटकणारी टोकंच नाहीत. रुळाचा तुकडा घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. रूळ घ्यायचा तर बिलासकट घ्या. आणि तो आडवा नको, उभा बसवा. फूटभर आडव्या रुळाचा माथा आणि तळ यांच्यामध्ये पातळ पान असतं, त्यामुळे घाव लवतो आणि रूळ किंचाळतो. उभा केला की सगळं वजन घावाखाली येतं. माथा लहान मिळतो, पण घाव भरीव बसतो.

जागा

रस्त्याकडेला पाल टाकून काम करणाऱ्या घिसाडी कुटुंबाकडे कधी थांबून नीट बघा. लहानशी चौकोनी ऐरण, खाली निमुळती, लाकडात ठोकलेली. लाकूड जमिनीत पुरलेलं, वर फक्त चार बोटं. समोर बाई उभी राहून घण घालते, बसलेला माणूस सांडशीने पहार फिरवतो, आणि तरी आवाज पालाबाहेर फार लांब जात नाही. ऐरणीचं अंग लाकडाने धरलंय, लाकूड मातीने धरलंय, कुठेच मोकळीक नाही. जमिनीत पुरलेला ओंडका ही आजही सगळ्यांत चांगली बैठक आहे. घणसोलीच्या गावठाणात किंवा बाळकुम-कोलशेतकडे ज्यांच्या घरामागे परसू शिल्लक आहे, त्यांनी दुसरा विचारच करू नये. दीड-दोन फूट खड्डा, तळाला खडी, त्यावर ओंडका आणि बाजूने मुरूम ठोकून ठोकून भरायचा. पावसाचं पाणी खड्ड्यात साठू नये म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा चार बोटं उंच घ्या.

बाकीच्यांची जमीन म्हणजे गाळ्याचा कोबा किंवा स्लॅब. तळमजल्यावर असाल तर निम्मं काम झालं, धक्का मातीत जातो. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथे वरच्या मजल्यांवरही गाळे आहेत, आणि खरा प्रश्न तिथे येतो. तिथे ऐरण स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. खांबाजवळ, तुळईच्या वर ठेवा. स्लॅब मध्यावर जास्त हलतो, आधाराजवळ कमी. आमच्या खालच्या गाळ्यात जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, तपासायचं काम चालतं. तिथले दादा एकदा वर आले आणि एवढंच म्हणाले, “तुमचा हातोडा पडला की आमच्या डायलचा काटा हलतो.” तेव्हा ऐरण खिडकीपाशी, उजेडात होती. ती खांबापाशी सरकवली आणि खाली पुढे सांगितलेला थर घातला, त्यानंतर ते पुन्हा वर आले ते चहाला.

कायद्याचंही थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५ अशा मर्यादा आहेत. रात्र म्हणजे दहा ते सहा. बैठक कितीही चांगली केली तरी इमारतीच्या बाल्कनीत, गच्चीवर किंवा पोडियमवर ऐरण चालणार नाही. गृहसंकुलात राहत असाल तर कुणाच्या तरी गाळ्यात कोपरा भाड्याने घ्या.

उंची

नेहमीचे कामाचे बूट घाला, ताठ उभे राहा, हात सैल सोडा आणि मूठ वळा. बोटांची पेरं जिथे येतात तिथे ऐरणीचा माथा आला पाहिजे. साडेपाच फुटी माणसाला साधारण ७० ते ७४ सेंटिमीटर. सुरी-कोयत्यासारखं बारीक, जवळून बघायचं काम असेल तर मनगटापर्यंत वर घ्या. समोर घणकरी असेल तर चार-पाच सेंटिमीटर खाली.

ओंडका कापण्याआधी ही उंची तपासायची. विटांवर किंवा फळ्यांच्या चळतीवर ऐरण तात्पुरती ठेवा, माथ्यावर मऊ लाकडाची फळी ठेवा आणि डोळे झाकून मारल्यासारखे सहज आठ-दहा घाव घाला. मग फळी उचलून उजेडात तिरकी धरा. हातोड्याचा ठसा पूर्ण गोल उठला असेल तर उंची बरोबर. तुमच्या बाजूची कड खोल रुतली असेल तर ऐरण उंच आहे. पलीकडची कड रुतली असेल तर बुटकी. चूक उंचीवर वर्षभर काम केलं की आधी कोपर आणि मग कंबर बोलायला लागते, म्हणून या अर्ध्या तासात कंजुषी नको.

आता वजाबाकी. माथा ७२ वर हवा, ऐरण २४ सेंटिमीटरची, खालचा रबरी थर आणि वरचं सिलिकॉन मिळून दीड. म्हणजे ओंडका साडेशेहेचाळीस. कापून घेताना मात्र ४९ सांगा. समतल करताना दोन्ही तोंडांची मिळून दोन-अडीच सेंटिमीटर सहज जातात.

ओंडका निवडणं आणि तयार करणं

चिंच मिळाली तर चिंच. खाटीक मांस तोडायला चिंचेचाच ओंडका का वापरतात, ते एकदा हातात पटाशी घेऊन तिच्यावर चालवून पाहिलं की कळतं. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, सहज फुटत नाहीत. त्यानंतर बाभूळ. शिरीष आणि आंबा चालतात, लवकर दबतात इतकंच. पावसाळ्यात ठाण्यात रस्त्यावर पडतो तो गुलमोहर फुकट मिळाला तरी घेऊ नका, मऊ असतो आणि पटकन कुजतो. उभं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा सरळ वखारीत जा. व्यास ऐरणीच्या तळापेक्षा सगळीकडून निदान पाच सेंटिमीटर जास्त हवा. ४५ सेंटिमीटर व्यासाचा, ४७ उंचीचा सुका ओंडका साठ-पासष्ट किलो भरतो. हे वजन आपल्या कामाचं आहे, जड बैठक कमी हलते.

एवढा जाड ओंडका आतपर्यंत सुकायला वर्षं लागतात. सुकताना तो तडकणारच, फक्त तडा आवाक्यात ठेवायचा. दोन्ही तोंडांना मेण किंवा पातळ केलेलं फेव्हिकॉल फासा, म्हणजे पाणी तोंडातून भसाभस उडून जात नाही. वर आणि खाली दोन पट्टे बांधा, ५० बाय ६ मिलिमीटरच्या पट्टीचे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तसा तापवून पट्टा बसवायचा मोह होतो, पण कोकणपट्टीच्या हवेत ते नको. इथलं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसतं. पट्टा दोन अर्धगोलांचा करा, टोकांना कान वाकवून त्यात बोल्ट घाला, म्हणजे हवा बदलली की आवळता येतो.

मग समतल करणं. आधी खालचं तोंड. मध्ये एक सेंटिमीटर खोलगट कोरून काढा आणि कडेला फक्त तीन पाय ठेवा. तीन पायांवरची वस्तू कधी डगमगत नाही, जमीन कितीही वाकडी असो. तळाला वाळवीचं औषध मारा, वाळू द्या आणि वर डांबराचा हात द्या. आता वरचं तोंड. पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवत, रंध्याने हळूहळू. तंतूंच्या टोकांवर चालणारा रंधा कडेला पोचला की कपची उडते, म्हणून रंधा नेहमी कडेकडून मध्याकडे चालवायचा.

इथून पुढचं काम चिवटपणाचं आहे. ऐरणीचा तळ गुळगुळीत नसतो. त्यावर उंचवटे असतात, काहींच्या तळाला घडवताना पाडलेलं चौकोनी भोकही असतं. तळाला तेलात कालवलेला गेरू पातळ फासा. दोघांनी धरून ऐरण अलगद ओंडक्यावर टेकवा, किंचित दाबा आणि पुन्हा उचला. लाकडावर लाल डाग उठतील ते उंच भाग. तेवढेच पटाशीने खरवडा. पुन्हा टेकवा, पुन्हा उचला. सुरुवातीला तीन-चार ठिपके असतात, मग ते पसरत जातात आणि शेवटी ऐरणीच्या चारी पायांचा जवळजवळ पूर्ण छाप लाल उठतो. वर्तमानपत्राची पट्टी कुठूनच आत सरकली नाही की थांबा. पन्नास किलोचं धूड वारंवार उचलायचं असल्याने छताला चेन पुली असेल तर उत्तम. नसेल तर दोन माणसं हवीतच आणि ऐरण टेकवताना बोटं तळाखाली नकोत, बाजूने धरा.

चांगला ओंडका मिळालाच नाही तर फळ्या उभ्या रचून ठोकळा करा. एमआयडीसीत पॅलेटचं लाकूड ढिगाने मिळतं. फळ्यांवरचा शिक्का मात्र बघा. इंग्रजी एच-टी ही अक्षरं म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, ते घ्या. एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते सोडा. फळ्यांचे तंतू उभे राहिले पाहिजेत. मध्ये डिंक आणि आरपार दोन दिशांनी आटे पाडलेल्या सळया. पाइनचं लाकूड मऊ असलं तरी उभ्या तंतूंवर घाव चांगला पेलतं.

वाळूची पेटी आणि लोखंडी तिपाई

आवाजाचाच विचार केला तर वाळूच्या पेटीला तोड नाही. चार मिलिमीटर पत्र्याची किंवा जाड फळ्यांची चौकोनी पेटी करा, आतून ४० बाय ४० आणि खोली ५० सेंटिमीटर. काठोकाठ भरली तर सव्वाशे किलोच्या आसपास वाळू बसते. वरून जाड लाकडी फळी आणि तिच्यावर ऐरण, किंवा ऐरणीचे पाय थेट वाळूत रुतवा. वाळूचा कणन् कण शेजारच्या कणावर घासतो आणि कंपन तिथेच संपतं. उंची कमी-जास्त करायची तर वाळू काढा किंवा टाका, त्यामुळे एकाच ऐरणीवर दोन वेगळ्या उंचीची माणसं काम करत असतील तिथे ही पेटी फार सोयीची. सुरुवातीचे काही दिवस ऐरण खचते, ती उचलून पुन्हा बसवावी लागते. वाळू कोरडी आणि चाळलेली घ्या. खाडीची रेती नको. तिच्यात मीठ असतं, पेटीचा पत्रा आणि ऐरणीचा तळ दोन्ही गंजतील. क्रशरची धुतलेली वाळू घ्या आणि उन्हात पसरून वाळवा.

लोखंडी तिपाई फॅब्रिकेशनवाल्यांना जवळची वाटते, कारण वेल्डिंग मशीन समोरच असतं. चौकोनी पाइपाचे तीन पाय थोडे बाहेर झुकवून, वर १६ ते २० मिलिमीटरची प्लेट. पण पोकळ पाइप रिकामा ठेवला तर तो ऐरणीच्या सुरात सूर मिसळतो. तिन्ही पायांत कोरडी वाळू ठोकून भरा आणि मगच तोंड बंद करा. तोंडाला वेल्ड न मारता बोल्टवरची टोपी लावा. पूर्ण बंद पाइपावर वेल्ड करताना आतला ओलावा वाफ होऊन दाब धरतो, ते धोक्याचं आहे.

नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर ऐरण ठेवू नका. काँक्रीट घाव जिरवत नाही, भुगा होत जातं.

सिलिकॉन आणि आवळणी

ऐरण गेरूवर बरोबर बसली की तळ आणि लाकूड स्वच्छ पुसा, तेलाचा अंश राहू देऊ नका. दोघांच्या मध्ये सिलिकॉन सीलंटचा थर जाणार आहे. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि लोखंड गंजवतं, आणि इथल्या हवेत गंजाला निमित्त पुरतं. लाकडावर एकाआड एक समांतर दोऱ्या सोडा, मध्ये बोटभर अंतर ठेवा. ऐरण टेकवली की दोऱ्या पसरून दोन-तीन मिलिमीटरचा सलग थर होतो आणि जादा माल कडेने बाहेर येतो. तो लगेच कापू नका, वाळल्यावर सुरीने सपाट कापता येतो. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने, कडेकडून आत वाळतं. वरून कोरडं दिसलं तरी मध्यभागी ओलं असतं, म्हणून निदान आठवडाभर घाव घालू नका. ऐरण पुढे कधी हलवायची असेल तर मात्र टेकवण्याआधी फक्त तिच्या तळाला पातळ तेलाचा हात द्या, म्हणजे थर लाकडाला चिकटेल आणि ऐरण सुटी निघेल.

हा पातळ थर मघाशी नको म्हटलेल्या रबरासारखा नाही. तो फटी भरतो, ऐरणीला नाचू देत नाही. घावाची उसळी तशीच राहते. उसळी ऐरणीच्या वजनावर आणि कडकपणावर ठरते. टणत्कार म्हणजे घाव होऊन गेल्यानंतर उरलेली थरथर, ती मारल्याने कामाचं काहीही जात नाही.

आता आवळणी. ऐरणीला भोक पाडू नका, वेल्डही मारू नका. वेल्डच्या उष्णतेने पोलाद तिथे ठिसूळ होतं. चारी पायांवरून १० मिलिमीटरची पट्टी वाकवून घ्या, अशा आकाराची की तिचं एक टोक पायावर दाबेल आणि दुसरं लाकडावर टेकेल. पट्टीतून बोल्ट खाली जाईल. बोल्ट कुठे धरायचा? नुसता कोच स्क्रू लाकडात आवळला तर काही महिन्यांत त्याचे आटे लाकडात मोकळे होतात. त्याऐवजी ओंडक्याच्या कडेपासून आत, वरून वीस सेंटिमीटर खाली एक आडवं आरपार भोक पाडा आणि त्यात २५ मिलिमीटरचा गज घाला. गजात वरून भोक करून त्याला आटे पाडा आणि पट्टीतून खाली येणारी आट्यांची सळई, म्हणजेच हा बोल्ट, त्यात फिरवा. आता ओढ लाकडाच्या आटे धरण्यावर नाही, ओंडक्याच्या पोटावर आहे. नटाखाली जाड वॉशर आणि त्याखाली इंजिनच्या व्हॉल्व्हची जुनी स्प्रिंग घाला, भंगारात सहज मिळते. लाकूड आकसलं तरी स्प्रिंग ताण टिकवून ठेवते. चारी नट थोडे थोडे, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा.

इथवर आलात की बहुतेक टणत्कार गेलेला असतो.

चुंबक आणि साखळी

उरलेला आवाज शिंग आणि शेपटीतून येतो. जुन्या मोठ्या स्पीकरचं चुंबक शेपटीच्या खालच्या अंगाला, टोकाजवळ चिकटवा. ते चिकटलेलं असतं पण जोडलेलं नसतं, त्यामुळे शेपूट थरथरली की दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि कंपन तिथे जिरतं. टेप लावू नका, रंग असेल तर खरवडा. माथ्याजवळ चुंबक नको, कारण लोखंडाचा कीट, म्हणजे तापलेल्या लोखंडावरून सुटणारी खपली, त्याला लागून माथ्यावर साठतो आणि प्रत्येक घावाबरोबर जॉबमध्ये दाबला जातो. आठवड्यातून एकदा चुंबक काढून पुसा.

साखळी कंबरेला गुंडाळलेली बऱ्याच ठिकाणी दिसते. नुसती सैल गुंडाळली तर ती स्वतःच खुळखुळते. दोन वेढे द्या आणि टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताण देणाऱ्या कडीने, आवळा, किंवा साखळीचं टोक शिंगाखालून नेऊन खाली ओंडक्याच्या पट्ट्याला ताणून बांधा. चुंबकाने काम भागलं तर साखळीच्या भानगडीत पडू नका. माथ्यावर अवजारं बसवायला असलेल्या चौकोनी भोकात (हार्डी होल) एखादं अवजार सैल राहिलेलं असेल तर तेही काढा, अर्धा खुळखुळाट त्याचा असतो.

फरक मोजायचा असेल तर फोनवरचं आवाज मोजणारं ॲप पुरतं. फोन प्रत्येक वेळी त्याच स्टुलावर, मीटरभर अंतरावर ठेवा आणि तीच हातोडी तेवढ्याच उंचीवरून सोडा. क्षणभराच्या घावाचा खरा आकडा फोन पकडत नाही, पण आधी आणि नंतरची तुलना चांगली कळते. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाज किती वेळ घुमतो ते बघा. मोकळी ऐरण काही सेकंद गात राहते, नीट बसवलेली घावाबरोबरच गप्प होते.

स्टँडखालचा थर

तळमजल्यावर कोब्यावर असाल तर कन्व्हेयर बेल्टचा एक तुकडा बस्स, मुख्यतः स्टँड सरकू नये म्हणून. वरच्या मजल्यावर जास्त करावं लागतं. आधी ६० बाय ६० सेंटिमीटरची, १० मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट, तिचं वजनच २८ किलो. ओंडक्याचे तीन पाय तिच्यावर येतील आणि प्लेटला लोखंडी अँगलनी धरले जातील. प्लेटखाली मशीनखाली वापरतात ते खाचांचे रबरी पॅड, १० ते १२ मिलिमीटरचे, कोपऱ्यांत आणि मध्ये. स्पंज, फोम, जुनी गादी असलं काही नको. स्टँड डोलायला लागलं तर घाव चुकतो आणि तापलेला जॉब सांडशीतून निसटतो. पॅड घातल्यावर ऐरण हाताने ढकलून बघा, तिने हलता कामा नये. मग एकाला खाली पाठवा, वर नेहमीसारखं काम करा आणि खालून ऐकू येतं ते त्याच्याकडून समजून घ्या.

गाळ्याचा पत्रा आणि उघड्या भिंती आवाज परतवून लावतात. ऐरणीमागच्या भिंतीवर रॉकवूलची (दगडी लोकरीची) पॅनेलं काचेच्या कापडात गुंडाळून लावली तर आतली गजबज बरीच उतरते. ठिणग्या उडतात तिथे गोणपाट, थर्मोकोल किंवा फोम लावू नका.

कान

कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली नायोश ही संस्था ८५ सांगते आणि पुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा धरते. मोकळी ऐरण काम करणाऱ्याच्या कानाशी शंभराच्या पुढे सहज जाते. म्हणजे ८५ च्या हिशोबाने पंधरा मिनिटांत दिवसाचा कोटा संपतो. ऐरण मुकी केली तरी कानात बोळे घालाच, आणि घणाचं काम असेल तर वरून इअरमफही. गेलेलं ऐकणं परत येत नाही. शिकायला येणाऱ्या मुलांना मी बोळ्यांशिवाय हातोडा उचलू देत नाही.

पावसाळा आणि नंतर

जूनमध्ये लाकूड फुगलं की पट्टे आणि नट आपोआप ताणले जातात. तेव्हा नट अर्धा वेढा सैल करा, नाहीतर पट्टीखालचे तंतू चिरडतात. दिवाळीनंतर पुन्हा आवळा आणि मार्चमध्ये एकदा तपासा. माथ्याला रोज काम संपल्यावर तेलाचा बोळा फिरवा. खाडीवरचा वारा येतो त्या भागात, ऐरोली-रबाळ्यात, एका रात्रीत माथा तांबूस होतो. ओंडक्यावर गरम कीट पडून लाकूड जळतं, त्यासाठी ऐरणीभोवती उघड्या लाकडावर पातळ पत्रा ठोका आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

काही महिन्यांनी ऐरण पुन्हा वाजायला लागली तर सगळं उचकटू नका. हलक्या हातोडीने आधी शेपूट, मग शिंग, मग माथ्याचा मध्य ठोकून बघा. फक्त शेपूट वाजत असेल तर चुंबक सरकलंय किंवा त्याखाली कीट जमलाय. सगळीकडून वाजत असेल तर नट बघा. नट घट्ट असूनही वाजत असेल तर चारी पायांशी वर्तमानपत्राची पट्टी सरकवून पाहा. जिथे ती आत जाते तिथे सिलिकॉन सुटलंय. तेवढ्यापुरतं ते खरवडून नवं भरा आणि पुन्हा आठवडाभर थांबा.